माझा पेपर मीच लिहिणार

परवा आमच्या बचत गटाची मीटिंग होती. हप्त्याचे पैसे मोजून झाले, चहा आला आणि तेवढ्यात आमच्यातल्या एका काकींचा फोन एकदम बोलायला लागला. त्या जिथे बोट लावतील ते फोन मोठ्याने वाचून दाखवायचा, पण उघडायचं मात्र काहीच नाही. पर्समध्ये कुठलीतरी बटणं एकत्र दाबली गेली असावीत. 'अगं बाई, याला काय झालं!' म्हणत तो फोन सगळ्यांच्या हातातून फिरला. एकीने बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच. मागे एकदा असंच झालं तेव्हा मोबाईल दुरुस्तीवाल्याला शंभर रुपये दिले होते, असं काकी सांगायला लागल्या.

कोपऱ्यात आईशेजारी बसलेली एक मुलगी हसून म्हणाली, 'काकी, एकदा नाही, दोनदा टॅप करायचं. इकडे द्या बघू.' तिने फोन हातात घेतला, आवाज वाढवायचं आणि कमी करायचं अशी दोन्ही बटणं एकत्र दाबून धरली आणि दोन-तीन सेकंदांत फोन गप्प झाला. काकींचे शंभर रुपये वाचले. सगळ्याजणी बघतच राहिल्या. कारण त्या मुलीला दिसत नाही.

ही मुलगी अकरावीत आहे. बोईसर-चिंचणी रस्त्याच्या बाजूच्या एका गावात राहते. वडील एमआयडीसीत कंत्राटावर आहेत, आई ब्लाऊज शिवते. सातव्या-आठव्या वर्षापासून तिची नजर कमी होत गेली, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. गाव लहान, म्हणून तिचं नाव लिहीत नाही. पण तिच्यामुळे मला जे कळलं, ते तुम्हा मैत्रिणींना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेली बारा-तेरा वर्षं मी या भागात थोडंफार सामाजिक काम करते. दृष्टिहीन मुलांसाठी माझं काम म्हणजे मुख्यतः दहावी-बारावीला रायटर शोधून देणं. रायटर म्हणजे लेखनिक. मुलाने उत्तर सांगायचं, त्याने लिहायचं. हा लेखनिक खालच्या वर्गातला हवा, त्याच्या आईवडिलांची तयारी हवी, बोर्डाची परवानगी हवी आणि ऐन पेपरच्या दिवशी त्याला ताप येता कामा नये! दरवर्षी माझा जानेवारी-फेब्रुवारी यातच जातो. 'ताई आहेत ना, मग रायटरची काळजी नाही' असं कोणी म्हटलं की मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, अभिमानच वाटायचा.

या मुलीलाही दहावीला रायटर मीच मिळवून दिली होती. नववीतली हुशार मुलगी, मोत्यासारखं अक्षर. निकाल छान लागला. मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. आई आनंदात, शेजारणी जमलेल्या. ही मात्र गप्प. मी विचारलं तर म्हणाली, 'ताई, मराठीचे मार्क माझे नाहीत.'

मला काही समजेना. मग तिने सांगितलं. निबंध समुद्रकिनाऱ्यावर होता. तिने सांगायला सुरुवात केली, 'समुद्राचा वास आधी येतो, मग आवाज येतो.' रायटर म्हणाली, असं नको, मी चांगलं लिहिते. आणि तिने लिहिलं, 'डोळ्यांसमोर निळाशार समुद्र पसरला होता.' लिहून झाल्यावर तिने ते प्रेमाने वाचूनही दाखवलं. 'असं लिहिलं की मार्क मिळतात गं,' असंही सांगितलं. वेळ संपत आली होती, ही काय बोलणार?

त्या लहान रायटरचा काहीच दोष नव्हता. तिला मदतच करायची होती. मलाही मदतच करायची होती. पण त्या दिवशी पेढा माझ्या घशात अडकला. चिंचणीच्या किनाऱ्यावर लहानपणापासून जाणाऱ्या मुलीचा समुद्र आम्ही दोघींनी मिळून पुसून टाकला होता.

घरी आल्यावर मला माझी आजी आठवली. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. माहेरचं पत्र आलं की पोस्टमनच ते ओट्यावर बसून वाचून दाखवायचा. सगळं घर ऐकायचं. उत्तरही त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं. 'सर्व खुशाल आहे' याच्यापुढे आजीचं पत्र कधी गेलं नाही, कारण मनातलं लिहायचं तर आधी ते पोस्टमनला सांगायला हवं आणि सासूबाई दारातच उभ्या! आजी म्हणायची, 'माझ्या आईला माझं खरं दुःख कधी कळलंच नाही.'

या मुलीचं तरी वेगळं काय होतं? मैत्रिणीचा मेसेज आला तर भाऊ वाचून दाखवणार. बँकेचा ओटीपी वडील सांगणार. डॉक्टरांचा कागद शेजारची ताई वाचणार. सोळा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात तिने एकटीने वाचलेली, दुसऱ्या कोणाला न कळलेली अशी एक ओळसुद्धा नव्हती. आपल्या आज्यांना आणि आयांना अक्षर मिळालं तेव्हा त्यांचं काय सुटलं, हे आपण बायकांनी विसरू नये. दृष्टिहीन मुलांच्या हातात आज कॉम्प्युटर आणि फोन द्यायचा, तो शोभेची वस्तू म्हणून नव्हे. ती त्यांची साक्षरता आहे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. बाकी जे लिहिते आहे ते ही साक्षरता कशी येते आणि कुठे अडते, याबद्दल.

मग आठवला आमचा टायपिंगचा क्लास. माझ्या पिढीच्या कितीतरी जणी बारावीनंतर किंवा बीए करता करता टायपिंग शिकल्या असतील. 'लग्न ठरेपर्यंत काहीतरी शीक' म्हणून घरच्यांनी घातलेला तो क्लास! आमचे सर बोटांवर पुठ्ठा धरायचे. खाली बघितलं की ओरडा बसायचा. 'बोटांना पाठ झालं पाहिजे, डोळ्यांना नाही,' हे त्यांचं पालुपद. म्हणजे बघा, टायपिंग ही न बघताच करायची गोष्ट. डोळे असून आम्हाला ते मिटायला शिकवत होते. मग जिला दिसत नाही तिला का येणार नाही?

दृष्टिहीनांच्या कॉम्प्युटरसाठी काही वेगळं यंत्र लागत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. साधा कॉम्प्युटर, साधा कीबोर्ड आणि त्यात स्क्रीन रीडर नावाचा एक प्रोग्रॅम. पडद्यावर जे असेल ते हा प्रोग्रॅम बोलून दाखवतो आणि आपण दाबलेलं प्रत्येक अक्षरही उच्चारतो. 'जॉज' नावाचा जुना, नावाजलेला स्क्रीन रीडर विकत घ्यावा लागतो आणि तो महाग आहे. पण २००६ साली मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन मित्रांनी 'एनव्हीडीए' तयार करायला घेतला आणि तो जगभर फुकट दिला. तो मराठी बोलतो. आवाज यंत्रासारखा आहे, पहिले दोन दिवस हसू येतं, मग सवय होते. महागड्या सॉफ्टवेअरची वाट बघत बसायचं आता काही कारण नाही.

एका कारखान्याने बदललेले दोन जुने कॉम्प्युटर मिळाले. समाजमंदिराची खोली शनिवारी रिकामी असते. क्लास सुरू झाला, आणि पहिल्याच दिवशी मी नापास! 'इथे क्लिक कर', 'तो बघ, वरच्या कोपऱ्यात' असं माझ्या तोंडून सुटत होतं. तिला इथे म्हणजे कुठे? माऊसचा बाण दिसल्याशिवाय माऊसचा उपयोगच काय? माऊस मी पिशवीत टाकला. घरी दुपारची कामं आवरली की कॉम्प्युटर लावून मॉनिटर बंद करायचा आणि नुसतं ऐकून एक पत्र लिहायचं, असं मी महिनाभर केलं. सुरुवातीला अक्षरशः घाम फुटला. पण त्यामुळे काय शिकवायचं ते उमगलं.

ज्यांना शिकवायचं आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. कीबोर्डवर एफ आणि जे या दोन बटणांवर बारीकशी उंच रेघ असते. आपलं कधी लक्षही जात नाही. ती दोन्ही तर्जन्यांना सापडली की बाकीची बोटं आपोआप जागेवर बसतात. एनव्हीडीएमध्ये एक सोय आहे. इन्सर्ट आणि वरच्या रांगेतला एक आकडा एकत्र दाबला की पुढे दाबाल त्या बटणाचं नाव तो फक्त सांगतो, काम काही करत नाही. म्हणजे काही बिघडेल ही भीती नाही. पहिले दोन शनिवार आम्ही नुसता हाच खेळ खेळलो. तो फार बोलायला लागला तर कंट्रोल दाबून त्याला गप्प करायचं, हे तिला सगळ्यात जास्त आवडलं.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट पद्धत घेतली. यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. जुन्या टाईपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागायची, इथे जसं बोलतो त्या क्रमाने लिहायचं. आधी क, मग वेलांटी. ऐकून लिहिणाऱ्या मुलांना हे पटकन जमतं. यात आ आणि ई ही दोन अक्षरं शेजारीशेजारी आहेत. त्यामुळे तिचा पहिला शब्द ठरवायची गरजच पडली नाही. 'आई' असं यंत्राच्या आवाजात ऐकू आलं तेव्हा तिची आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही. पदराने हात पुसत राहिली.

अशी मुलं म्हणजे सगळीच पूर्ण अंध असं नसतं. आमच्या शनिवारच्या क्लासला येणाऱ्या एका मुलाला अंधुक दिसतं. त्याला वर्गात मागच्या बाकावर बसवून 'आळशी' म्हणत होते, कारण फळ्यावरचं तो उतरवून घेत नव्हता. कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह दाबलं की अक्षर मोठं होतं. काळ्या पडद्यावर पांढरं अक्षर केलं की त्याला आणखी स्पष्ट दिसतं. यासाठी एक पैसाही लागला नाही. त्याला ते दाखवणारं माणूस तेवढं नव्हतं.

आता अडचणींकडे येते. त्यातली पहिली आपणच तयार केलेली आहे, आणि ती सोडवणंही आपल्याच हातात आहे.

अकरावीला गेल्यावर तिला कॉलेजच्या नोट्स मिळाल्या, पेन ड्राइव्हमध्ये, अगदी टाईप केलेल्या. आम्ही खुशीत फाईल उघडली तर एनव्हीडीए काहीतरी इंग्रजी अक्षरं बडबडायला लागला. नोट्स जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होत्या. असा फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला मराठी मुखवटा. आपल्या डोळ्यांना 'शाळा' दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी आत भलतीच अक्षरं असतात आणि स्क्रीन रीडर बिचारा तीच वाचतो. तेच युनिकोडमध्ये टाईप केलं तर तो 'शाळा' असंच वाचेल. दुसरा प्रकार फोटोचा. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गृहपाठ येतो तो फळ्याचा फोटो काढून. फोन म्हणतो, 'फोटो'. झाला गृहपाठ! फोटोतली अक्षरं ओळखून वाचणारी अ‍ॅप्स आता आहेत आणि छापील मजकूर ती बऱ्यापैकी वाचतात. पण खडूने घाईघाईत लिहिलेल्या मराठीपुढे त्यांचीही भंबेरी उडते.

तुमच्यातल्या कितीतरी जणी शिक्षिका असतील, शाळेच्या ऑफिसात असतील, क्लास घेत असतील. मराठी टाईप करताना युनिकोड वापरा आणि फोटोऐवजी दोन ओळी लिहून पाठवा, एवढं केलंत तरी कुणाचा तरी अभ्यास वाचेल. पुस्तक टाईप करून दिलं तर कायद्यात अडकू का, असं मला एका शिक्षिकेने विचारलं. नाही अडकणार. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. दिव्यांगांना वाचता यावं यासाठी, त्यांच्या अभ्यासाकरता अशी प्रत तयार करायला त्यात मुभा दिलेली आहे. २०१६ साली तर 'सुगम्य पुस्तकालय' ही ऑनलाईन लायब्ररी खास याच वाचकांसाठी सुरू झाली.

दुसरी अडचण साहित्य वाटपाची. एका कार्यक्रमात या मुलीला बोलकी पुस्तकं ऐकवणारं एक यंत्र मिळालं होतं. स्टेज, हार, नारळ, फोटो, सगळं झालं. पण ते चालवायचं कसं हे कोणीच शिकवलं नाही. दोन वर्षं ते कपाटात, साड्यांच्या खाली, प्लास्टिकसकट! आईने जपून ठेवलं होतं, बिघडलं तर कोण भरून देणार म्हणून. कार्यक्रम कोणाचा होता ते महत्त्वाचं नाही, कारण असे कार्यक्रम सगळीकडे होतात आणि मीही अशा स्टेजवर बसलेली आहे. शिलाई मशीन वाटताना शिवणक्लास हवा हे आपल्याला कळतं. मग इथे का कळू नये? देणाऱ्यांनी दहा यंत्रांऐवजी पाच द्यावीत आणि उरलेल्या पैशात सहा महिने शिकवणारं माणूस द्यावं.

तिसरी अडचण घरातली आहे आणि ती लिहिताना मला संकोच वाटतो, कारण ती आपलीच आहे. मुलीला फोन द्यायचा म्हटलं की घरात चर्चा सुरू होते. 'मोबाईल दिला की मुलगी बिघडते', 'तिला काय करायचाय, आम्ही आहोत ना'. घरात एकच चांगला फोन असतो आणि तो भावाकडे असतो. दिसणाऱ्या मुलीला फोन उशिरा मिळाला तर तिची करमणूक थोडी राहते. न दिसणाऱ्या मुलीचं वही, पुस्तक, डिक्शनरी आणि पत्र सगळंच राहतं. फोनवर लक्ष ठेवा, जरूर ठेवा. पण तिच्याही मेसेजला एक झाकण असू द्या. या मुलीने हेडफोन लावून मैत्रिणीचा पहिला मेसेज ऐकला आणि खुदकन हसली. आईने विचारलं, 'काय लिहिलंय?' ती म्हणाली, 'काही नाही.' मला त्या 'काही नाही'चा फार आनंद झाला.

हेडफोनवरून आठवलं. रस्त्यावर, स्टेशनवर कान मोकळे हवेत. हातातली पांढरी काठी आधी, फोन नंतर. बोईसरच्या पुलावरच्या गर्दीत फोन रस्ता दाखवत नाही, काठी आणि कानच दाखवतात.

'आता सगळं बोलतंच, मग ब्रेल कशाला?' असं एक वडील म्हणाले. मला वाटतं, ब्रेल सोडू नये. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या खोगिरं-लगाम बनवायच्या कारखान्यात खेळत होता. तिथली चामडं भोसकायची आरी डोळ्याला लागली आणि त्याची दृष्टी गेली. आपल्या चिंचणी-वरोरकडे घरोघरी डाय बनवायचं काम चालतं, तिथे छिन्न्या-हातोड्यांच्या जवळ लहान पोरं खेळताना दिसली की मला हे आठवतं आणि काळजात चर्र होतं. याच लुईने १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी तयार केली. आपल्या भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. मराठीत स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक सुरू केलं. नुसतं ऐकून शिकलेल्या मुलाला 'आधी' ऱ्हस्व की दीर्घ, हे कसं कळणार? बोलताना आपण तरी कुठे नीट उच्चारतो? बोटाखाली अक्षर आलं की शब्दाचा चेहरा कळतो. पहिली-दुसरीत ब्रेल, तिसरी-चौथीत कीबोर्ड, हा क्रम मला योग्य वाटतो. दहावी झाल्यावर कीबोर्ड हातात देणं म्हणजे फार उशीर. या मुलीच्या बाबतीत तो उशीर झाला, आणि त्यात माझाही वाटा आहे.

कायदा मुलांच्या बाजूने आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांगतो की चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं, शिकण्याचं साहित्य आणि योग्य ती सहाय्यक साधनं मोफत मिळाली पाहिजेत. परीक्षेबाबत केंद्र सरकारने २०१८ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात लेखनिकाबरोबरच कॉम्प्युटरवर, ब्रेलमध्ये किंवा उत्तरं रेकॉर्ड करून परीक्षा देण्याचा पर्याय होता आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ होता. पण पर्याय कागदावर असून काय उपयोग? ज्याला टायपिंग येत नाही तो कॉम्प्युटर निवडणार कसा? म्हणून आयांनो, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या, तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जाऊन विशेष शिक्षकांना भेटा आणि साधनाबरोबर 'शिकवणार कोण?' हा प्रश्नही विचारा.

मुंबई आपल्याला लांब वाटते, पण २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते. मुंबईत १९०० साली अ‍ॅना मिलार्ड या मिशनरी बाईंनी सुरू केलेली अंधशाळा आज दादरला 'कमला मेहता अंधशाळा' म्हणून मुलींना शिकवते. सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ साली दृष्टिहीनांसाठी केंद्र सुरू झालं, तेही स्वतः दृष्टिहीन असलेले प्राध्यापक डॉ. सॅम तारापोरवाला यांच्या पुढाकाराने. आडनावातच आपलं तारापूर आहे बघा! उल्हासनगरच्या प्रांजल पाटील याच दादरच्या शाळेत आणि याच कॉलेजात शिकल्या. सहाव्या वर्षी दृष्टी गेलेल्या या मुलीने स्क्रीन रीडरवर अभ्यास करून यूपीएससी दोनदा पार केली. आधी ७७३ वा क्रमांक, मग १२४ वा. २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला त्या उपजिल्हाधिकारी झाल्या.

हे उदाहरण अभिमानाचं आहे. पण आमच्या मुलीला येता-जाता कोणी ते ऐकवलं की मला धास्ती वाटते. दिसणाऱ्या मुलांना शिकवताना आपण 'कलेक्टर होणार असशील तरच पाटी देतो' असं म्हणतो का? तिने बँकेत नोकरी करावी, घरी शिकवण्या घ्याव्यात, नाहीतर नुसती मैत्रिणीला मोठमोठाली पत्रं लिहावीत. तिला लिहिता आलं पाहिजे, त्यासाठी आणखी कारण कशाला हवं?

एक खुलासा करते. मी रायटरच्या विरुद्ध नाही. ज्याला गरज आहे त्याला तो मिळालाच पाहिजे आणि पुढच्या जानेवारीतही मी शोधाशोध करणारच आहे. गणिताच्या आकृत्या आणि आलेख यांचं उत्तर माझ्या शनिवारच्या क्लासकडे नाही. पण ज्याला स्वतः लिहायचं आहे त्याला 'रायटर आहे ना' म्हणून गप्प बसवणं, हे मी आता करणार नाही.

गेल्या महिन्यात तिच्या कॉलेजने एक चाचणी तिला कॉम्प्युटरवर लिहू दिली. मराठीची, वीस मार्कांची. मी बाहेर व्हरांड्यात बसून होते, स्वतःच्या परीक्षेला कधी एवढी धडधड झाली नव्हती. अर्ध्या तासाने लाईट गेली! देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली जिथे सुरू झालं, त्या तारापूरच्या शेजारी राहून आम्हाला लाईट जाण्याचं नवल नाही. पण तिने फाईल सेव्ह केली नव्हती. पानभर मजकूर गेला. सेव्ह करायचं मी दहा वेळा सांगितलं होतं, तरी मी तिला काही बोलले नाही. लाईट आल्यावर बाईंनी वेळ वाढवून दिला आणि तिने पुन्हा पहिल्यापासून लिहिलं.

वीसपैकी अकरा मिळाले. दहावीपेक्षा कितीतरी कमी. बाईंनी चुकांखाली लाल रेघा मारल्या होत्या, त्या मी तिला मोजून सांगितल्या, चौदा. 'समुद्राचा वास आधी येतो' या वाक्यातल्या 'आधी'लाही रेघ होती, तिने धी ऱ्हस्व लिहिला होता. शेजारी बाईंनी लिहिलं होतं, 'वाक्य आवडलं.' ते मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'ताई, बाईंना सांगा ना, पुढच्या वेळी शेरा टाईप करून पाठवा. मी वाचीन.'

तर मैत्रिणींनो, तुमच्यापैकी जिला टायपिंग येतं, जिचं सर्टिफिकेट लग्नाच्या अल्बमबरोबर पेटीत पडलं आहे, तिने ते एकदा बाहेर काढावं. आपल्या गावात, आपल्या गल्लीत असं एखादं मूल असेलच. शनिवारचे दोन तास पुरे होतात. कॉम्प्युटर जुना चालेल, एनव्हीडीए फुकट आहे. जाण्याआधी महिनाभर मॉनिटर बंद करून एक पत्र लिहून बघा. आणि मुलांना पहिल्याच दिवशी सेव्ह करायला शिकवा!